सगळे पंप वाजतात

१

माणूस गेला तेव्हा पंपावरचा दिवा हिरवाच होता, असं सिस्टर सांगत होती. असं सांगणारी सगळ्या इस्पितळात ती एकटीच होती.

गेलेले गृहस्थ गाडी चालवायला शिकवायचे. ऑपरेशन उत्तम झालं होतं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी ट्रॉली ओढणाऱ्या मामांना "वळणावर इंडिकेटर द्या" असं बजावलंसुद्धा होतं. त्यांचा रक्तदाब धरून ठेवणारं औषध एक छोटा पंप थेंबाथेंबाने नळीतून सोडत होता. वॉर्डात नेताना लिफ्टच्या दारात ट्रॉली वळली, नळी कठड्याखाली चेपली आणि औषध थांबलं. नळी अडकली की पंपाने बोंब मारायची, त्याचसाठी तर असले महागडे पंप विकत घ्यायचे. पण लिफ्ट वर पोचून दार उघडेपर्यंत कुणाला काही कळलं नाही, आणि कळलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पंप बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं सरळ होतं. पंप वाजला असणार, सिस्टरने सवयीने 'शांत' बटण दाबलं असणार आणि नळीकडे बघायचं राहून गेलं असणार. इस्पितळाला हे म्हणणं लगेच पटलं. त्यात दोष एकाच माणसाचा निघत होता आणि तो माणूस बदलता येण्यासारखा होता.

प्रकरण तपासनीस बाईंकडे आलं. अपघात झालेल्या यंत्रांच्या आतले प्रोग्रॅम तपासायचे, हे तिचं काम. तिच्या हातून काही निसटत नाही म्हणून कचेरीत तिला चाळणी म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं. हे कौतुक आहे की आपल्यातून सगळं गळून जातं असं लोकांना सुचवायचंय, याचा विचार करणंही तिने आताशा सोडून दिलं होतं. निवृत्ती जवळ आली होती, पाठ दुखत होती, आणि फाइल उघडल्यावर तिला सगळ्यात आधी काय वाटलं असेल तर कंटाळा. पुन्हा एक यंत्र, पुन्हा एक मेलेला माणूस, पुन्हा सगळ्यांनी मिळून बोट दाखवलेला एक माणूस.

सिस्टर घरीच भेटली. तिला निलंबित केलं होतं, तरी इस्त्री केलेला गणवेश दाराच्या मागे टांगलेला होता. सोमवारी सुनावणी होती. परवाना गेला तर नर्सचं काम जन्मात पुन्हा करता येणार नव्हतं, आणि दुसरं काही तिला येत नव्हतं.

"वाजला नाही," सिस्टर म्हणाली. "मी उशाशीच होते. वाजला असता तर ऐकू आलं नसतं का मला?"

"आणि बटण?"

"नाही दाबलं."

"मामा म्हणतात, त्यांनी तुम्हाला दाबताना पाहिलं."

सिस्टरने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "मामा खोटं बोलायचे नाहीत हो. मी नवी होते तेव्हापासून ओळखते त्यांना. मॅडम, डॉक्टर सांगतात, कंपनीवाले सांगतात, घरातलेसुद्धा म्हणतात की गडबडीत दाबलं असशील. सगळे पंप वाजतात म्हणे. मग तो एकटाच कसा नाही वाजला?"

वाईट हे की 'वाजला नाही' हे सिस्टरचं म्हणणंही आता पहिल्याइतकं ठाम उरलेलं दिसत नव्हतं.

२

कंपनीत पंपांची परीक्षा घेणाऱ्या माणसाला सगळे ठोक्या म्हणत. यंत्रं आपटायची, भिजवायची, हलवायची, मोडेपर्यंत छळायची, याचाच त्याला पगार मिळायचा आणि तो त्यावर खूश होता.

"बघा मॅडम," म्हणत त्याने एक पंप टेबलावर ठेवला. "याला चार अवस्था. ऑपरेशन, वॉर्ड, घर आणि प्रवास. एका जागेहून दुसऱ्या जागी न्यायचं असलं की प्रवास. तो तेव्हा प्रवासातच होता." त्याने पंप प्रवासावर टाकला आणि नळी चिमटीत धरली. पंप कान किटतील असा वाजला. ठोक्याने दुसरा आणला, तोही वाजला. मग त्याने अपघातातला पंपच आणला. तो सगळ्यांत मोठ्याने वाजला.

"हा तेव्हापासून कुणाच्या ताब्यात आहे?"

"इस्पितळाच्या. मधे आमच्याकडे आला होता. सगळेच आले होते, बॅटऱ्या बदलायला."

"अपघातानंतर?"

"नेहमीचीच सर्व्हिस ती. त्यांना सील लावायचं सुचलं तोवर हाही बाकीच्यांबरोबर येऊन गेला." ठोक्या हसला. "गुरुजी स्वतः बसले होते त्या कामाला. मी म्हटलं, बॅटऱ्यांना तुम्ही कशाला? तर म्हणे, डोकं शांत राहतं."

गुरुजी म्हणजे पंपाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे प्रमुख. चाळणी त्यांना ओळखत होती. हे काम तिला शिकवलं होतं ते त्यांनीच.

"अपघाताआधी प्रवासात नळी चेपून कधी पाहिली होतीस?" तिने विचारलं.

ठोक्याने कान खाजवला. "प्रवास ही अवस्था नंतर आली ना. ती आली तेव्हा मी तिला हादऱ्यांना तपासली, बॅटरीला तपासली. नळीचं काम जुनं, पक्कं झालेलं. आणि कुणी काही विसरलं असतं तर कंपायलरने अडवलंच असतं की. प्रोग्रॅम लिहायची आमची भाषा कडक आहे."

लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला समजेल असा करून देणारा तो कंपायलर. ढिल्या भाषेचा कंपायलर काहीही पुढे जाऊ देतो. या कंपनीची भाषा तशी नव्हती. प्रत्येक अवस्थेत काय करायचं ते सांगितल्याशिवाय तिचा कंपायलर पंप बनवूच देत नसे. गुरुजींनी ती भाषा हट्टाने आणली होती.

"कडक भाषा आहे ते ठीकच," शेजारच्या खोलीत नियमताई म्हणाल्या. प्रोग्रॅम कसा लिहायचा याचे कंपनीचे नियम त्यांच्या ताब्यात होते आणि त्यांच्या टेबलावरची पेन्सिलसुद्धा नियमाने आडवी पडलेली होती. "पण शिस्त भाषेने येत नाही, नियमांनी येते. आमचे नियम भाषेपेक्षाही जुने आहेत. भाषा बदलली तेव्हा मी एकही गाळू दिला नाही."

"एखादं उदाहरण?"

"कुठेही अवस्थांप्रमाणे वाटा फुटल्या, की शेवटी 'बाकी सगळं' अशी एक ओळ हवीच. अनपेक्षित काही आलं तर यंत्र भांबावू नये म्हणून. सबंध प्रोग्रॅममध्ये ही ओळ नसलेली एक जागा दाखवा, मी नोकरी सोडते. तपासणीची सोय बसवलीय आम्ही, ओळ नसली की काम अडतं. आणि सूट मी आजवर कुणाला दिलेली नाही. गुरुजींनाही नाही."

तिथून ती इस्पितळात गेली. मागच्या दाराशी मामा भेटले, तेव्हा चाळणीने त्यांना एकच गोष्ट विचारली. सिस्टरने बटण दाबलेलं पाहिलंत, ते कुठे?

"तिथेच की, ऑपरेशनच्या दाराशी," मामा म्हणाले. "नळी जोडताना पिंपिं करतं ते, तेव्हा."

"आणि लिफ्टमध्ये?"

"लिफ्टमध्ये माझी पाठ होती त्यांच्याकडे. ट्रॉली ओढत होतो ना." मामांचा चेहरा हळूहळू उतरला. "कुठे म्हणून कुणी विचारलंच नाही हो मला. पाहिलं का म्हणाले, मी हो म्हणालो."

दारापाशी दाबलेलं बटण लिफ्टमधला आवाज बंद करत नाही, ते त्या एका आवाजापुरतंच असतं. सिस्टरच्या बाजूने एवढं तरी हाती लागलं. पण त्याने पंप वाजला नव्हता असं काही सिद्ध होत नव्हतं, आणि टेबलावरचे सगळे पंप तर घसा फोडून वाजत होते.

३

दुसऱ्या दिवशी कंपनीने तिला एक बिनखिडकीची खोली, एक संगणक आणि सबंध प्रोग्रॅम दिला. चाळणी वाचत बसली. वाचून वाचून डोळे चुरचुरायला लागले. चहा आला, गार झाला.

प्रोग्रॅम चांगला होता. इतक्या वर्षांत तिने जे गचाळ प्रकार पाहिले होते त्यांच्या मानाने तर फारच चांगला. जिथे वाटा फुटत तिथे ऑपरेशन, वॉर्ड, घर, नंतर घातलेला प्रवास, आणि शेवटी न चुकता नियमताईंची 'बाकी सगळं'. त्या ओळीपुढे बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असे, 'काही करू नको'. त्यात नवल नव्हतं. ती लिहिताना सगळ्या अवस्था वर येऊन गेलेल्या, बाकी उरलेलं काहीच नाही. मग नियमाचं तोंड बंद करायला माणूस दुसरं काय लिहिणार?

मग ती नळी अडकल्याच्या भागापाशी आली. ऑपरेशनमध्ये अडकली तर हळू वाज. वॉर्डात मोठ्याने वाज. घरी असशील तर वाज आणि दिवा लाव. प्रवासात असशील तर मोठ्याने वाज आणि दिवा लाल कर.

म्हणजे पंपात दोष नव्हता. इतकं स्वच्छ, नेटकं लिहिलेलं होतं की बोट ठेवायला जागा नाही. चाळणी खुर्चीत मागे टेकली. आता अहवाल लिहायचा, पंप निर्दोष म्हणून. पुढचं सोमवारी सुनावणीवाले बघून घेतील. तिला सिस्टरच्या बोटाला गुंडाळलेली ओढणी आठवली आणि स्वतःचा धंदा नकोसा वाटला. संगणक बंद करायला तिने हात पुढे केला.

आणि तिथेच थांबला तो हात. तिने तो भाग परत वाचला, मग आणखी एकदा. चारच ओळी होत्या. सबंध प्रोग्रॅममध्ये ही एकच जागा अशी होती, जिथे 'बाकी सगळं' नव्हतं.

४

"नाही तर नाही," तिचा नवरा म्हणाला. गुडघे धरल्यामुळे तो दिवसभर घरीच असे आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून वाटाणे सोलत तिच्याशी गप्पा मारी. "एक ओळ राहिली असेल. तू पण ना, मिठात खडे शोधतेस."

"राहूच शकत नाही हो. राहिली तर त्यांची तपासणी अडवते. कुणीतरी ती तपासणी बंद करून, मुद्दाम काढलीय."

"काढली, मग? तू म्हणतेस ना, त्या जागी सगळं बरोबर आहे."

"तेच तर. इतर सगळ्या जागी ओळ आहे, आणि जिथे माणूस मेला नेमकं तिथेच नाही." ती ओट्याला टेकून उभी राहिली. बसलं तर उठवणार नाही, असं तिला वाटत होतं. "असं बघा. तुम्ही आपल्या घरी एक वाढपी ठेवलाय, भयंकर काटेकोर. घरातल्या प्रत्येकाला काय वाढायचं ते सांगितल्याशिवाय चूलच पेटवू देत नाही. उद्या घरात नवी सून आली, तर तो काय करेल?"

"विचारेल, हिला काय वाढू म्हणून."

"आणि तुम्ही आधीच त्याला सांगून ठेवलं असेल, की बाकी कुणी आलं तर लक्ष देऊ नको, तर?"

नवऱ्याचा हात वाटाण्यांवर थांबला. "मग सून उपाशी," तो म्हणाला.

"आणि तो विचारणारसुद्धा नाही. कारण त्याच्या मते सगळ्यांची सोय झालेली आहे." चाळणी आता स्वतःशीच बोलल्यासारखी बोलत होती. "ढिल्या भाषेत वाढपी कुणालाच काही विचारत नाही, तिथे ती ओळ बरी. तोच नियम त्यांनी उचलला आणि कडक भाषेत आणून बसवला. प्रवास ही नवी सून. ती आली तेव्हा कंपायलरने ओरडायला हवं होतं, की नळी अडकल्यावर हिचं काय? तो ओरडला नाही. इतर ठिकाणी लिहिणाऱ्याला आठवण राहिली. इथे तो विसरला, आणि पंपाने सांगितलं होतं तेच केलं. काही केलं नाही."

"पण आता तर वाजतोय म्हणतेस."

"आता वाजतोय. माणूस गेल्यानंतर कुणीतरी ती जागा दुरुस्त केली आणि बॅटऱ्या बदलण्याच्या नावाखाली सगळ्या पंपांत भरली. सिस्टर खरं बोलतेय, पंपही खरं वाजतोय. मधे कुणीतरी गुपचूप हात फिरवलाय."

"कुणी?"

उत्तर तिला दुपारपासूनच ठाऊक होतं, आणि ते चुकीचं निघावं म्हणून ती बिनखिडकीच्या खोलीत उगाच बराच वेळ बसून राहिली होती.

५

गुरुजींनी दार उघडंच ठेवलं होतं.

"ये. तपासाला तुझं नाव आहे हे ऐकलं तेव्हाच म्हटलं, आता फार दिवस नाहीत." ते फार म्हातारे दिसत होते. "पाठ कशी आहे?"

"दुखतेय." चाळणी बसली. "गुरुजी, ती ओळ कुणी काढली?"

"उत्तर माहीत असताना प्रश्न विचारू नये, असं शिकवलं होतं मी."

"तरी विचारते. मला वाटत होतं, दुसरं कुणीतरी असेल." तिने एक श्वास घेतला. "ठोक्याला प्रोग्रॅम लिहिता येत नाही. ज्याने प्रवास आणला तो केव्हाच नोकरी सोडून गेला. नियमताई एक वेळ हात कापून घेतील पण ती ओळ कापायच्या नाहीत, आणि ती तिथे नाही हे त्यांना अजूनही माहीत नाही. माझ्यापाशी नोकरीची पैज मारून बसल्यात. तपासणी बंद करून पंप बनवायचा अधिकार उरला तुमचा. बॅटऱ्यांना तुम्हीच बसला होतात."

"एवढ्यावरून?"

"नाही. घाबरलेल्या माणसाने प्रवासाची एक ओळ घातली असती आणि 'बाकी सगळं' खाली तसंच ठेवलं असतं. पंपही वाजला असता, नियमही पाळला गेला असता, मला जन्मात कळलं नसतं. ज्याने ते काढलं त्याला नुसता पंप वाजायला नको होता. त्याला ती चूक तिथे बघवतच नव्हती. असा माणूस या इमारतीत एकच आहे."

गुरुजी खिडकीबाहेर बघत राहिले. रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी हातवारे करून त्याला दिशा देत होतं.

"आधी तसंच केलं होतं," ते म्हणाले. "एक ओळ वर घातली. झालं होतं काम. मग खालचं ते 'काही करू नको' दिसत राहिलं. नाही राहवलं गं."

"हा नियम चुकीचा आहे हे तुम्हाला पहिल्यापासून कळत होतं."

"कळत होतं म्हणून तर भांडलो. एक मीटिंग, दुसरी मीटिंग. म्हटलं, हा नियम इथे आणून तुम्ही कंपायलरचं तोंड बांधताय. कुणाला पटेना. नियम आहे म्हणजे सुरक्षितता आहे, एवढंच त्यांना कळत होतं. पुढच्या मीटिंगला मी गेलोच नाही. बायको आजारी होती तेव्हा, ते कारण सांगता येईल. पण ते खरं नाही. नुसता थकलो होतो. म्हटलं, लिहा एक ओळ, कुणाचं काय बिघडतंय."

हा थकवा चाळणीला चांगला ओळखीचा होता, आणि म्हणून ती आणखीच अस्वस्थ झाली.

"आणि माणूस गेल्यावर?"

"फोन आला तेव्हा प्रवास हा शब्द ऐकला आणि मला कळलं. सगळे पंप ताबडतोब आणवले. त्यानंतर कुणी गेलं नाही, एवढं लिहून घे."

"लिहीन. पण बोलला का नाहीत?"

"वरचे लोक वर्षभर ही भाषा काढून टाकायला टपलेत. ही भाषा येणारी माणसं मिळत नाहीत म्हणतात, ढिली भाषा सगळ्यांना येते. कडक भाषेच्या पंपाने माणूस मारला, एवढी बातमी त्यांना पुरली असती. खापर नियमावर नसतं फुटलं, भाषेवर फुटलं असतं. मग पुढच्या सगळ्या पंपांत अडवणारं कुणीच उरलं नसतं. किती माणसं जातील त्याने? मी सगळा विचार केला होता."

"त्या विचारात सिस्टर कुठे होती, गुरुजी?"

गुरुजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाकी सगळ्यात," ते म्हणाले. "वाटलं, पुरावा नाही, सोडून देतील."

"पुरावा नव्हता कारण तुम्ही तो दुरुस्त केलात."

तिला खरं तर संताप यायला हवा होता. तिला रडू येत होतं. याच माणसाने तिला शिकवलं होतं, की यंत्र कधी खोटं बोलत नाही, आपण त्याला काय सांगितलंय ते नीट वाच.

"कागद दे," गुरुजी म्हणाले. "लिहून देतो सगळं. तिला सोमवारी तिथे जायला लावू नका."

ते लिहीत होते तोवर ती तिथेच बसून राहिली.

६

सुनावणी रद्द झाली. सिस्टरला कामावर परत घ्यायचं ठरलं. नियमताईंनी ते चार ओळींचं पान स्वतः पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून पुढचे दोन दिवस एकाही नियमाचं नाव निघालं नाही. इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांनी झालं गेलं विसरून जा, असं उदार मनाने सांगितलं. बातमी द्यायला चाळणी स्वतः सिस्टरच्या घरी गेली. इतक्या वर्षांत चांगली बातमी घेऊन कुणाकडे जायची वेळ तिच्यावर क्वचित आली होती.

सिस्टरने गुरुजींचं पत्र वाचलं. शेवटपर्यंत वाचून परत पहिल्यापासून वाचलं, घडी घातली आणि चाळणीच्या हातात परत दिलं.

"चांगले आहेत ते," ती म्हणाली. "माझ्यासाठी केवढं मोठं अंगावर घेतलं त्यांनी."

"तुमच्यासाठी नाही. खरंच झालं ते."

"नाही मॅडम. मी दाबलं होतं."

चाळणीला आधी वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"परवाच मी इस्पितळाला तसं लिहून दिलंय," सिस्टर शांतपणे सांगू लागली. "आधी खरंच आठवत नव्हतं. रोज आठवायला बसायचे. मग एकदम सगळं आलं. लिफ्टचं दार लागलं, पंप वाजला, मी म्हटलं, अगं बाई, आता काय हे, आणि दाबलं. ते बटण गार होतं. बोटाला अजून लागतं ते."

तिच्या आवाजात कसलीच धडपड नव्हती. इतके आठवडे सगळ्यांनी मिळून सांगितलेली गोष्ट तिने घेतली होती, तिला गारवा दिला होता आणि आवाज दिला होता. सिस्टरला निर्दोष ठरवणारा कागद चाळणीच्या हातात होता आणि त्याचा तिला काडीचा उपयोग नव्हता. चाळणीला वाटलं, आपण इथवर आलो ते फुकटच. मग तिने विचारलं, "हा पंप लावायला तुम्ही शिकलात कुठे?"

"आमच्या नर्सिंगच्या शाळेत. तिथे एक आहे, बाहुलीला लावायचा."

"तो बॅटरी बदलायला गेला होता?"

"तो कशाला जाईल? तो पेशंटच्या पंपांत नाही धरत."

शाळा इस्पितळाच्याच आवारात, मागच्या इमारतीत होती. सुट्टी असल्यामुळे वर्गात कुणी नव्हतं. खाटेवर गळ्यापर्यंत चादर घेतलेली रबरी बाहुली निजली होती आणि पंप कपाटात होता. सिस्टरने तो काढला, नळी जोडली, पाण्याची पिशवी लावली. तिचे हात सरावाने, न थांबता चालत होते. नळी जोडताना पंपाने पिंपिं केलं, तेव्हा तिने बटण दाबलं आणि तो गप्प झाला.

"बघा," ती म्हणाली. "असंच."

"आता प्रवासावर टाका."

सिस्टरने टाकला. हिरवा दिवा लागला. पाण्याचे थेंब पडू लागले. चाळणीने नळी दोन बोटांत धरली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून चेपली. थेंब थांबले.

सिस्टरचं बोट बटणावर जाऊन थांबलं होतं, दाबायच्या तयारीत.

"वाजेल आता," ती म्हणाली.

दिवा हिरवाच राहिला. चाळणीची बोटं दुखायला लागली, पण तिने पकड सोडली नाही. बाहेर कुणीतरी बादली सरकवली. खोलीत दुसरा आवाज नव्हता.

"थोडा वेळ लागतो कधीकधी," सिस्टर म्हणाली. मग आणखी काही वेळाने, अगदी हळू, पंपाच्या जवळ तोंड नेऊन म्हणाली, "वाज ना रे."

तो वाजला नाही. सिस्टरने बोट बटणावरून काढलं. तिने ते दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं, खाटेच्या कडेला बसली, आणि त्या गाडी शिकवणाऱ्या गृहस्थांसाठी, ते गेल्यापासून पहिल्यांदाच, ओक्साबोक्शी रडायला लागली.